क्रोशा आणि दोन सुयांची वीण: पहिले टाके घालायचे कसे, मोजायचे कसे, सुधारायचे कसे

हाताची हालचाल आठवडाभरात बसते. त्यानंतरही चौकोन म्हणून सुरू केलेलं काम वर जाताजाता त्रिकोणी होतं, २४ टाक्यांचे कधी २७ होतात आणि कड लाटेसारखी हलायला लागते. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: टाका कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि ओळीतला शेवटचा टाका नेमका कोणता, हे अजून डोळ्यांना दिसत नसतं. म्हणून या लेखात टाका घालण्याइतकीच जागा टाका ओळखण्याला दिली आहे.

आधी दोन्ही कामांतला मूळ फरक पाहू. क्रोशात एका वेळी सुईवर एकच फास जिवंत असतो, बाकीचे सगळे टाके पूर्ण होऊन बंद झालेले असतात. त्यामुळे काम हातातून पडलं तरी फार तर दोन टाके उसवतात. दोन सुयांच्या विणीत ओळीतले सगळेच्या सगळे टाके सुईवर उघडे असतात. एक निसटला की तो खालच्या ओळींतून शिडीसारखा उतरत जातो. क्रोशात चूक दिसली की उसवा आणि पुन्हा विणा, एवढं पुरतं. दोन सुयांवर सुटलेला टाका उचलायची कला सुरुवातीलाच शिकावी लागते.

दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका. तोरण, रुमाल, पिशवी, रुखवतातल्या वस्तू करायच्या असतील तर क्रोशा घ्या. स्वेटर, मफलर, मोजे हवे असतील तर दोन सुया घ्या. काहीच ठरलं नसेल तर क्रोशापासून सुरुवात करा, त्यात चुकायची भीती कमी.

साहित्य

घरात आजीच्या काळातली बारीक पोलादी सुई आणि तोरणाचा दोरा असतो, आणि शिकणारी व्यक्ती तेच घेऊन बसते. १.२५ मिमीच्या सुईवर २० नंबरचा दोरा हे काम सुंदर होतं, पण ते सहा महिन्यांनंतर. त्यातला टाका इतका बारीक असतो की सुई कुठे घातली हेच नवख्याला दिसत नाही.

पहिल्यांदा घ्या:

- मध्यम जाडीची साधी ॲक्रेलिक लोकर, १०० ग्रॅम, वेष्टनावर ४ मिमीची सुई सुचवलेली. रंग फिका आणि एकच असावा. काळ्या, गडद निळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत.
- क्रोशाची ४ मिमीची ॲल्युमिनियमची सुई. जमल्यास ४.५ मिमीची आणखी एक.
- दोन सुयांसाठी ४ मिमीची जोडी. जुन्या नंबरात हिला ८ नंबर म्हणतात. या जुन्या पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी आणि १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी. घोळ नको म्हणून दुकानात मिलिमीटरमध्येच मागा.
- मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री, टेप आणि आठ-दहा सेफ्टी पिना.

दोन सुयांची जोडी बांबूची मिळाली तर उत्तम. ॲल्युमिनियमवरून टाके पटकन सरकतात, नवख्याच्या हातून सुटतातही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तळहाताला घाम येऊन लोकर बोटाला चिकटते. अशा वेळी हात धुऊन कोरडे करा, हवं तर किंचित पावडर लावा.

लोकर लडीत मिळाली तर ती दोन खुर्च्यांच्या पाठींवर ताणून घ्या आणि गुंडा करा. गुंडा करताना दोन-तीन बोटं मध्ये धरून त्यांवरून लोकर गुंडाळा, मग बोटं काढून दिशा बदला. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेल्या अवस्थेत विणली जाते आणि धुतल्यावर आखडते. मोठ्या कामाची सगळी लोकर एकदमच घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून पाहा. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानातल्या दिव्यात कळत नाही, पाठीवर मात्र पट्टा स्पष्ट दिसतो.

क्रोशा: सुई धरणं आणि साखळी

क्रोशाच्या सुईला टोक असतं, त्याखाली आकडा, मग निमुळता गळा, त्यानंतर सरळ दांडा आणि अंगठ्यासाठी चपटी जागा. टाक्याचं माप दांडा ठरवतो. नवखे लोक फास गळ्यातच ठेवून पुढचा टाका घेतात. गळा दांड्यापेक्षा बारीक असल्यामुळे टाके आवळतात आणि पुढच्या ओळीत सुई आत शिरत नाही. ‘माझा हात फार घट्ट आहे’ अशी तक्रार असते तेव्हा निम्म्या वेळी कारण हेच. प्रत्येक टाक्यानंतर फास दांड्यावर आलाय ना, एवढं पाहा.

सुई उजव्या हातात पेन धरतो तशी किंवा सुरी धरतो तशी, जसं सोयीचं वाटेल तशी धरा. खरं काम डाव्या हाताचं. गुंड्याकडून येणारी लोकर करंगळीला एक वेढा देऊन अनामिका आणि मधल्या बोटाखालून घ्या आणि तर्जनीवरून पुढे आणा. अंगठा आणि मधलं बोट सुईच्या अगदी जवळ काम धरतात आणि काम वाढेल तसे पुढे सरकतात. ही पकड सुईपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब राहिली की फास डोलायला लागतो आणि टाके लहान-मोठे होतात. डावखुऱ्यांनी सगळं आरशासारखं उलटं करायचं, शिकवणाऱ्याच्या शेजारी बसण्यापेक्षा समोर बसायचं.

सुरुवात सरकगाठीने. लोकरीचं टोक १५ सेंटिमीटर सोडून एक वळसा करा, गुंड्याकडची लोकर त्या वळशातून फासासारखी बाहेर ओढा, फास सुईवर घाला आणि हलकेच ओढा. सुई त्यातून मोकळी फिरली पाहिजे.

आता साखळी. लोकर सुईच्या मागून वर येऊन पुढे पडू द्या, म्हणजे एक वेढा झाला. आकड्यात लोकर पकडा, आकड्याचं तोंड खाली करा आणि सुईवरच्या फासातून ती बाहेर काढा. झाली एक साखळी. आकडा वर तोंड करून ओढला तर तो फासात अडकतो, पहिल्या दिवशीची सगळी चिडचिड तिथेच होते.

वीस साखळ्या करा आणि थांबून पाहा. पुढच्या बाजूला इंग्रजी ‘व्ही’ एकामागोमाग एक दिसतात, मागच्या बाजूला प्रत्येक साखळीमागे एक उंचवटा असतो. मोजताना एक ‘व्ही’ म्हणजे एक साखळी. सुईवरचा फास मोजायचा नाही, सुरुवातीची गाठही मोजायची नाही. साखळी पिळली गेली असेल तर मोजण्यापूर्वी सरळ करा. एकसारखी दिसेपर्यंत साखळीच करत राहा, कंटाळा येईल तरी. पायाची साखळी नेहमी घट्ट येत असेल तर तेवढी ४.५ मिमीच्या सुईने करून पुढे ४ मिमी घ्या.

मुका खांब

१६ साखळ्या करा. सुईपासूनची पहिली साखळी सोडून दुसरीत सुई घाला. वेढा घ्या, तो साखळीतून बाहेर ओढा, सुईवर दोन फास झाले. पुन्हा वेढा घ्या आणि दोन्ही फासांतून एकदम काढा. हा मुका खांब. प्रत्येक साखळीत एक याप्रमाणे ओळ संपवली की बरोबर १५ भरले पाहिजेत.

काम उलटा, एक साखळी करा. ही साखळी फक्त उंचीसाठी आहे, ती टाका म्हणून मोजायची नाही. म्हणून पुढचा पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात येतो. सुई खालच्या टाक्याच्या ‘व्ही’च्या दोन्ही पायांखालून घाला. फक्त मागच्या पायाखालून घातली तर कापडावर आडवी रेघ उठते. ती कधी मुद्दाम हवी असते, पण नकळत अर्ध्या ओळीत एक तऱ्हा आणि अर्ध्या ओळीत दुसरी झाली की वीण विस्कळीत दिसते.

प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन लावा. पुढच्या ओळीत परत आलात की पिन असलेला टाका हा शेवटचा, हे शोधावं लागत नाही. दहा ओळी पिना लावून विणल्या की कड ओळखू यायला लागते, मग पिना सोडल्या तरी चालतं.

खांब, आणि कडेचा घोळ

खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच. १७ साखळ्या घ्या. सुईवर आधी एक वेढा घ्या आणि मग सुईपासून चौथ्या साखळीत घाला. वेढा ओढून बाहेर काढा, सुईवर तीन फास होतील. वेढा घेऊन पहिल्या दोनातून काढा, उरले दोन. पुन्हा वेढा, उरलेल्या दोनातून काढा. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून पहिला खांब धरायचा असतो. त्या धरून ओळीत १५ खांब होतात: १४ विणलेले आणि एक साखळ्यांचा.

काम उलटा, तीन साखळ्या करा. या तीन साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी आहेत, म्हणून त्यांच्या अगदी बुडाशी असलेला टाका सोडून पुढच्यात सुई घालायची. आणि ओळीच्या शेवटी, खालच्या ओळीतल्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या साखळीत, शेवटचा खांब घालायचा. चौकोनाचा त्रिकोण होतो तो इथेच. बुडाच्या टाक्यातही खांब घातला तर दर ओळीत एक वाढतो. शेवटी साखळ्यांच्या डोक्यावरचा राहिला तर दर ओळीत एक कमी होतो. दोन्ही चुका एकदम केल्या तर आकडा १५ राहतो आणि काम तिरकं सरकत जातं, आणि ही चूक पकडायला सगळ्यात कठीण, कारण मोजणी बरोबर येते. टाके बरोबर असून कड कलत असेल तर दोन्ही टोकं तपासा.

तीन साखळ्यांची कड सैल, भोकाभोकाची वाटत असेल तर दोनच करून पाहा. हात सैल असणाऱ्यांना दोनच पुरतात.

अर्धा खांब या दोघांच्या मधला: आधी वेढा, मग सुई आत, फास बाहेर, आणि तिन्ही फासांतून एकदम. उलटताना दोन साखळ्या.

इथे एक सावधगिरी. ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकांत ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकी व्हिडिओत ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला तर तो अमेरिकी समजा. हे न पाहता विणलेला रुमाल निम्म्या किंवा दुप्पट उंचीचा होतो.

गोल विणताना

चार साखळ्या करून पहिल्या साखळीत सुई घाला, वेढा घ्या आणि ती साखळी व सुईवरचा फास या दोन्हींतून एकदम काढा, म्हणजे कडं तयार होतं. त्या कड्यात ६ मुके खांब घाला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसरीत एकाआड एक टाक्यात दोन, म्हणजे १८. चौथीत दर तिसऱ्यात दोन, म्हणजे २४. दर फेरीला सहाच वाढवायचे.

सहाच का, याचं उत्तर वर्तुळाच्या गणितात आहे. त्रिज्या टाक्याच्या उंचीएवढी वाढली की परीघ तिच्या ६.२८ पट वाढतो. मुका खांब जवळजवळ रुंदीएवढाच उंच असतो, म्हणून सहा टाके पुरतात. खांब दुप्पट उंच, म्हणून खांबांच्या गोलात १२, २४, ३६ असं चालतं. वाटीसारखं वर वळत असेल तर वाढ कमी पडतेय किंवा हात घट्ट आहे. झालरीसारखं फुगत असेल तर वाढ जास्त होतेय. टोपी विणताना याच दोषाचा उपयोग होतो: हव्या त्या रुंदीला वाढवणं थांबवलं की गोल आपोआप खाली वळतो.

दोन सुया: टाके घालणं

टाके घालायच्या अनेक तऱ्हा आहेत. लांब टोकाची तऱ्हा सुरुवातीला किचकट वाटते, पण कड लवचीक आणि नीट येते, म्हणून तीच शिका.

विणायच्या रुंदीच्या तिप्पट लोकर सोडा, वर १५ सेंटिमीटर. २४ टाक्यांचा नमुना साधारण ११ सेंटिमीटर रुंद होतो, म्हणजे अर्धा मीटर पुरे. त्या जागी सरकगाठ करून एका सुईवर घाला आणि सुई उजव्या हातात धरा. मोकळं टोक डाव्या अंगठ्यावरून, गुंड्याकडची लोकर डाव्या तर्जनीवरून घ्या आणि दोन्ही धागे उरलेल्या तीन बोटांनी तळहातात दाबून धरा. आता सुईचं टोक अंगठ्याच्या पुढच्या धाग्याखालून वर घाला, तर्जनीवरचा धागा वरून पकडा आणि तो अंगठ्याच्या फासातून खाली पुढे आणा. अंगठा काढून घ्या, टाका हलकेच बसवा. गाठ पहिला टाका धरून २४ करा.

टाके एकमेकांना चिकटवू नका, मध्ये सुईच्या जाडीएवढी जागा राहू द्या. कड आवळली की वरचं कापड फुगतं आणि मोज्यात तर ती टाचेवरून, टोपीत डोक्यावरून उतरतच नाही.

सुलट आणि उलट

सुलट टाक्याला लोकर कामाच्या मागे असते. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला. लोकर उजव्या सुईच्या टोकाखालून डावीकडे नेऊन दोन सुयांच्या मधून पुढे आणा. तो वेढा टाक्यातून पुढे काढा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. एवढंच.

उलट टाक्याला लोकर पुढे. उजवी सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे, डाव्या सुईच्या पुढून घाला. लोकर उजव्या सुईच्या टोकावरून मागे नेऊन खालून पुन्हा पुढे आणा. वेढा टाक्यातून मागे ढकला, जुना टाका सोडा.

वेढ्याची दिशा महत्त्वाची. सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याचे दोन पाय असतात, आणि उजवा पाय सुईच्या पुढे असायला हवा. उलट टाक्याला लोकर वरून न नेता खालून नेली तर डावा पाय पुढे येतो, मग पुढच्या ओळीत तो टाका पिळला जातो आणि त्याचा ‘व्ही’ बुडाशी कात्रीसारखा ओलांडलेला दिसतो. अख्ख्या स्वेटरच्या एकाआड एक ओळी अशा पिळलेल्या असतात आणि विणणाऱ्याला पत्ता नसतो. वीण कडक लागते आणि ताणली जात नाही, हे त्याचं लक्षण.

सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंना आडव्या वरंब्या येतात, एक वरंबी म्हणजे दोन ओळी. हे कापड सपाट राहतं, पहिल्या कामाला हेच घ्या. एक ओळ सुलट आणि एक उलट केली की पुढे गुळगुळीत ‘व्ही’ आणि मागे मणी दिसतात. हे कापड वळतंच: वरची-खालची कड पुढे, बाजूच्या कडा मागे. यात तुमचं काही चुकलेलं नाही, टाक्यातली वाकलेली लोकर सरळ व्हायला पाहते म्हणून ते होतं. इस्त्रीने ते जात नाही. बाजूंना तीन-चार टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवा आणि खाली-वर सहा-आठ ओळी सुलट किंवा दोन-उलट-दोन-सुलट घ्या.

दोन-उलट-दोन-सुलटमध्ये ओळीतच लोकर पुढे-मागे करावी लागते. ती दोन सुयांच्या मधून न्यायची. सुईवरून नेली तर एक जास्तीचा वेढा पडतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि तिथे भोक राहतं. आकडे पाठ करत बसण्यापेक्षा सुईखाली पाहा: टाक्याखाली ‘व्ही’ दिसला तर सुलट, आडवा मणी दिसला तर उलट. फोन आला आणि मध्येच काम ठेवलं, तरी कुठे होतो हे कापडच सांगतं.

टाके वाढले, कमी झाले, सुटले

ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढण्याचं कारण बहुधा हे असतं: काम उलटल्यावर लोकर सुईवरून ओढून मागे जाते, पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. दोन्हींत विणलं की २४ चे २५. ओळ सुरू करताना लोकर सुईच्या खाली आहे ना, पाहा.

मध्येच वाढले असतील तर भोक शोधा, तिथे जास्तीचा वेढा सापडेल. भोक नसेल तर बहुधा लोकर फाटून तिचे दोन पदर वेगवेगळे विणले गेले आहेत.

कमी झाले तर टाका सुटलाय. ओढू नका. आधी सुटलेल्या फासात सेफ्टी पिन अडकवा, मग शांतपणे पाहा. गुळगुळीत बाजू स्वतःकडे करा आणि क्रोशाची सुई फासात पुढून मागे घाला. फासाच्या मागे शिडीच्या आडव्या दोऱ्या दिसतील. सर्वात खालची दोरी आकड्यात पकडून फासातून पुढे काढा, मग तिच्या वरची, असं करत सुईपर्यंत या. शेवटचा फास डाव्या सुईवर घाला, उजवा पाय पुढे ठेवून. सुटलेला टाका मण्यांच्या बाजूचा असेल तर काम उलटून हेच करा. ही दुरुस्ती कामात गरज पडण्याची वाट न पाहता नमुन्यावर मुद्दाम शिका: मधला एक टाका सोडा, चार ओळी खाली जाऊ द्या आणि उचलून आणा. एकदा जमलं की सुटलेल्या टाक्याची धडकी कायमची जाते.

एका ओळीतली चूक असेल तर टाका टाका करून मागे या. जास्त ओळी उसवायच्या असतील तर चुकीच्या खालच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायाखालून सुई घालून सगळे टाके पकडा, मग वरचं उसवा. जाळीदार नमुन्यात तर दर दहा ओळींनी बोथट सुईने वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं.

टाके बंद करणं

दोन टाके सुलट विणा, डाव्या सुईच्या टोकाने पहिला टाका दुसऱ्यावरून उचलून सोडा. पुढचा एक विणा, पुन्हा मागचा त्यावरून सोडा. शेवटी एक उरला की लोकर १५ सेंटिमीटर ठेवून कापा आणि फासातून ओढून घ्या. दोन-उलट-दोन-सुलट असेल तर बंद करतानाही उलटावर उलट, सुलटावर सुलट विणा. बंद करताना उजव्या हातात ५ मिमीची सुई घेतली तर कड आवळत नाही.

माप

मोठ्या कामाआधी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. कडेचे टाके धरू नका, अर्धा टाकाही सोडू नका. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके लिहिलेत आणि तुमचे २० येतात, तर फरक किरकोळ वाटतो. ९० सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला १९८ टाके लागतात, तुमच्या हाताने तेच १९८ टाके ९९ सेंटिमीटर होतात. नऊ सेंटिमीटरने स्वेटर ढगळ. तुमचे टाके कमी येत असतील तर बारीक सुई घ्या, जास्त येत असतील तर जाड. हात मुद्दाम घट्ट-सैल करून जमत नाही, तिसऱ्या ओळीला तो मूळ सवयीवर जातो.

पहिली कामं

क्रोशासाठी मुक्या खांबांचा २० सेंटिमीटरचा चौकोन, गरम पातेल्याखाली ठेवायला. पण तो सुती दोऱ्याचा, ॲक्रेलिकचा नको. ॲक्रेलिक उष्णतेने मऊ पडून वितळतं आणि भांड्याला चिकटतं. जाड सुती दोरा नसेल तर बारीक दोऱ्याचे दोन पदर एकत्र घ्या.

दोन सुयांवर बहुतेकांना मफलर करायचा असतो. ४ मिमीच्या सुयांवर ४६ टाक्यांचा, दीड मीटर लांब मफलर म्हणजे साधारण ४२० ओळी, १९ हजारांवर टाके. म्हणून बरेच मफलर दोन वीत लांबीवर कपाटात जातात. जाड लोकर आणि ६ मिमीची सुई घ्या, नाहीतर आधी कानाला बांधायची पट्टी करा. दोन-उलट-दोन-सुलटला चारच्या पटीत अधिक दोन टाके घ्या. पहिली ओळ दोन सुलट, दोन उलट अशी करत शेवटी दोन सुलट, दुसरी ओळ दोन उलट, दोन सुलट करत शेवटी दोन उलट. दोन्ही कडा सारख्या दिसतात.

त्यानंतर घरात बाळंतविडा निघालाच तर टोपडं आणि पायमोजे. बाळाच्या कामाला केसाळ लोकर, मणी, सैल गोंडे घेऊ नका, आणि मोठ्या भोकांची जाळीही टाळा, बाळाची बोटं त्यात अडकतात. आतून लोंबणारं एकही टोक ठेवू नका.

नवा गुंडा जोडायचा तो ओळीच्या सुरुवातीला, दोन्हीकडे १५ सेंटिमीटर सोडून. मध्येच गाठ मारली तर ती कधीतरी पुढच्या बाजूला डोकं काढते. शेवटी ही टोकं बोथट सुईने मागच्या बाजूला पाच-सहा सेंटिमीटर एका दिशेने ओवा, मग थोडी उलट दिशेने परत आणा आणि अगदी लगत न कापता थोडं टोक सोडा.

काम कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. चादरीवर सपाट पसरून कडा हाताने सरळ करा, सुती क्रोशा असेल तर कडेने न गंजणाऱ्या टाचण्या लावा. दोरीवर टाकलं तर ओल्या लोकरीच्या वजनाने ते लांबतं आणि तसंच राहतं. ॲक्रेलिकवर इस्त्री टेकवू नका, वीण चपटी होते आणि पुन्हा फुलत नाही. पावसाळ्यात वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा पंख्याखाली ठेवा आणि दिवसातून एकदा उलटा.